तुम्ही विचारलंत म्हणून: कृतज्ञतेच्या वहीत तेच तेच का येतं?

"आभार मानावेसे वाटतात अशा गोष्टी रोज लिहायची वही उत्साहाने सुरू केली, पण आठवडाभरात गाडी आई-बाबा, घर, तब्येत यावरच अडकली. आता काय लिहू?" असं बरेच जण विचारतात.

आधी रोज लिहिणं थांबवा. रोज लिहिलं की हजेरी लावल्यासारखं होतं. हात चालतो, मन नसतं. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. कृतज्ञतेवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स यांच्या २००३ मधल्या गाजलेल्या अभ्यासातही एका गटाला आठवड्याला जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. मी तीनच म्हणेन. रविवारी रात्री जेवणं आटपली की दहा मिनिटं, साधी शंभरपानी वही.

खरी मेख नोंदीत आहे. 'दूधवाला वेळेवर येतो' ही नोंद दुसऱ्या रविवारी शिळी होते. 'गुरुवारी पाऊस तिरपा होता. दूधवाल्याने जाळीच्या दारातून हात घालून पिशवी आतल्या कडीला अडकवली' ही होत नाही, कारण तो गुरुवार पुन्हा येणार नाही. खाली एक ओळ आणखी: हे कशामुळे झालं? 'कोणी सांगितलं नव्हतं, त्यालाच सुचलं.' ही ओळ गाळू नका, सगळा जीव तिच्यात आहे.

असं काही दिसायला आठवड्यात थोडं थांबावं लागतं. एकच काम निवडा. चहाला आधण येईपर्यंत ओट्यापाशी नुसतं उभं राहायचं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. ध्यानबिन काही नाही.

तरीही पान कोरं राहिलं, तर उलटं विचारा: हे झालंच नसतं तर? २००८ सालच्या एका अभ्यासात चांगल्या घटनेची नुसती आठवण काढण्यापेक्षा ती घडलीच नसती अशी कल्पना केल्यावर लोकांना जास्त बरं वाटलं.

'त्यांच्यापेक्षा आपलं बरं' हे मात्र वहीत नको. ती तुलना आहे, आणि शेजाऱ्याची नवी गाडी आली की उलटते. घरात कोणी त्रास देत असेल तर त्याचे आभार मानून राग गिळायचीही गरज नाही. आणि कित्येक आठवडे कशातच मन लागत नसेल तर वही बाजूला ठेवा, डॉक्टरांकडे जा.

लिहिलेलं त्या माणसाला सांगायचं तर महिन्याचा हिशेब करताना सांगा. भारावून नको. "त्या दिवशी पिशवी आत लावलीत, बरं झालं" एवढं पुरतं.