बाहीचा पीळ

आठ महिने आमच्या एस्टिमेटमध्ये, म्हणजे एखादी राशी किती वाढू शकते याची हद्द सांगणाऱ्या असमानतेत, एक लॉगॅरिदम जास्तीचा येत होता. दर मंगळवारी संध्याकाळी मी पुण्यातून आणि माझी सहलेखिका जर्मनीतून, झूमवर त्याच्याशी झुंजत होतो. प्रश्न मिनिमल पृष्ठभागांचा. तारेच्या चौकटीवर साबणाच्या पाण्याचा पडदा जो आकार घेतो, त्या जातीचे पृष्ठभाग. असे दोन पडदे जवळ येतात, मधे बारीक मान उरते आणि तिथे वक्रता बेसुमार वाढते. ती किती वाढू शकते, हे आम्हाला बांधून दाखवायचं होतं.

जूनमध्ये ओबरवोल्फाखला गेले. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधली ही गणिताची संस्था 1944 सालची. दर आठवड्याला पन्नासेक गणिती येतात, जेवणाच्या टेबलावर कोण कुणाशेजारी बसणार हे रोज बदलतं, आणि बुधवारी दुपारी व्याख्यानं बंद ठेवून सगळे डोंगर चढून जातात.

त्या चढणीवर पाऊस भुरभुरत होता. वही काढायची सोय नव्हती, म्हणून मी तोंडानेच सगळं सांगत होते. सहलेखिका थांबली. तिने अंगातलं जॅकेट काढलं, एक रिकामी बाही दोन्ही टोकांना धरली आणि हळूहळू पिळली. मधली मान बारीक होत गेली आणि एका बाजूला कलली. "मानेचा अक्ष सरळच राहतो, हे आपण कधी सिद्ध केलं?"

केलंच नव्हतं. टॅबलेटवर मान काढायची म्हणजे आत वळलेल्या दोन उभ्या रेघा. आठ महिने आम्ही दोघींनी तीच आकृती काढली आणि तिच्यातलं गृहीतक कुणालाच दिसलं नाही. प्रत्येक स्केलला, म्हणजे मान जितकी जवळून पाहू त्या प्रत्येक पायरीवर, अक्ष नव्याने निवडला, की चुका भूमिती श्रेणीसारख्या घटत जातात, त्यांची बेरीज आटोक्यात राहते आणि तो जास्तीचा लॉगॅरिदम निघून जातो. रात्री तीन तास फळ्यावर घालवले तेव्हा लेमा, म्हणजे मुख्य सिद्धतेला लागणारा छोटा सिद्धांत, उभा राहिला.

त्याआधी जेवताना माझ्या शेजारी फ्रान्सहून रेल्वेने आलेला एक तरुण भूमितिज्ञ होता. तिकडचे संशोधक 2019 पासून 'लाबो 1पॉइंट5' या नावाने आपापल्या विभागांचा कार्बनचा हिशेब मांडतात. आम्हा गणितींकडे ना उपकरणं, ना रसायनं. आमच्या हिशेबात मुख्यतः प्रवासच उरतो. मुंबई ते फ्रँकफुर्ट जाऊन-येऊन सुमारे 13,000 किलोमीटर. हिशेबाच्या पद्धतीनुसार एका माणसामागे एक ते दोन टन कार्बन डायऑक्साइड. भारतात माणशी वर्षाचं सरासरी उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे. म्हणजे एका बाहीसाठी मी एका माणसाचं अर्धं ते अख्खं वर्ष खर्च केलं.

तरी या खेपेचा मला पश्चात्ताप नाही. सलतात त्या बाकीच्या खेपा. गेल्या वर्षी दोनदा परदेशात जाऊन पन्नास मिनिटं बोलले आणि तिसऱ्या दिवशी परतले. तेच चाळीस चेहरे, तीच स्लाइड. प्वांकारेचं अनुमान सिद्ध करणाऱ्या रशियन गणिती पेरेलमनने 2002-03 मध्ये तीन प्रीप्रिंट, म्हणजे छापण्याआधीचे शोधनिबंध, आर्काइव्ह या संकेतस्थळावर टाकले, ते सांगायला परिषद लागली नाही, हे उदाहरण सगळे देतात. पण त्याआधी, नव्वदच्या दशकात, तो अमेरिकेत काही वर्षं राहिला होता आणि ज्यावर त्याची सिद्धता उभी आहे तो रिची फ्लो त्याने तो मांडणाऱ्या हॅमिल्टनच्याच तोंडून ऐकला होता, हे कुणी सांगत नाही. मला हवं ते असं जाणं. क्वचित, आणि मुक्काम लांब.

आमच्याकडची व्यवस्था नेमकी उलट शिकवते. दहा दिवसांची रजा सहीसरशी मिळते, दोन महिन्यांसाठी फाइल चार टेबलं फिरते. तिकीट सगळ्यात स्वस्त हवं, मग ते दोन थांब्यांचं का असेना. प्रत्येक उड्डाणाला जास्तीचं इंधन जळतं, पण फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. बोर्डिंग पास मात्र मूळ प्रतीत जोडावे लागतात.

परतल्यावर माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीसमोर ओढणी पिळून दाखवली. तिने मिनिटभर पाहिलं. "मॅडम, दोन माना शेजारी असतील तर? दोन्हींचे अक्ष एकमेकींना ओढतील ना?" हे मला सुचलं नव्हतं. ती अजून एकदाही परदेशी गेलेली नाही. व्याख्यानं तिने झूमवर ऐकली होती. चढणीवर झूम नव्हतं.

माझ्या हिवाळ्यातल्या दोन परिषदा मी रद्द केल्या आणि त्या पैशांत तिला दोन महिने सहलेखिकेकडे पाठवायचा अर्ज केला. काल तो परत आला. वर पेन्सिलीने लिहिलंय : "इतका दीर्घ कालावधी का? कारण द्यावे." रकाना दोन ओळींचा आहे. आज सकाळपासून तीन मसुदे झाले.