दहा आकड्यांसाठी चार हेलपाटे

लेकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या रेकॉर्डला पालकाचा मोबाईल नंबर बदलून घ्यायला मला बार्शीहून पुण्याला चार हेलपाटे घालावे लागले. ऑक्टोबरात सुरू केलेलं काम जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. मी स्वतः पतसंस्थेत काउंटरला बसते. लोकांचे नंबर, पत्ते, वारसांची नावं बदलून देणं हे माझं रोजचं काम आहे. त्याला किती वेळ लागतो हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून राग अजून उतरलेला नाही. यंदा ज्यांची मुलं पहिल्यांदाच घराबाहेर पडणार आहेत, त्यांनी एवढं तरी वाचावं म्हणून लिहायला बसले.

सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा, कॅप राउंड म्हणजे राज्याच्या ऑनलाइन प्रवेशफेऱ्या, कागदपत्रं, हॉस्टेल, सगळं वेळेत झालं. त्यावर काही सांगण्यासारखं नाही.

नंबर चुकला तो सीईटीचा अर्ज भरताना. अर्ज आमच्या इथल्या नेट कॅफेत भरला. मी कामावर होते, लेकीकडे तेव्हा स्वतःचा फोन नव्हता. कॅफेवाला दिवसाला तीस-चाळीस अर्ज भरतो, ओटीपी पटकन मिळावा म्हणून त्याने पालकाच्या रकान्यात स्वतःचाच एक नंबर घातला. पुढे त्याने ते सिम बंद केलं. बंद झालेला नंबर कंपन्या ९० दिवस तरी कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर देऊ शकतात, आणि तो दिला गेला. कॅपच्या वेळी लेकीने तिचा नवा नंबर भरला. पालकाचा रकाना जुन्या माहितीवरून तसाच पुढे कॉलेजच्या ईआरपीत, म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डमध्ये गेला. तो रकाना कुणी उघडून पाहिला नाही. मीही नाही.

कळलं ते सप्टेंबरच्या शेवटी. लेकीला वर्गात चक्कर आली, अंगात ताप होता. कॉलेजच्या दवाखान्यातून पालकांच्या नंबरवर तीनदा फोन गेला. त्या वेळी मी काउंटरवर होते आणि माझा फोन ड्रॉवरमध्ये होता, चार्ज केलेला, आवाज चालू असलेला. वाजला तो कुणा तिसऱ्याच माणसाचा. मैत्रिणींनी तिला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. डेंग्यू निघाला. "आईला सांगू नका, ती घाबरेल," असं ही त्यांना म्हणाली आणि त्या पोरींनी दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट्स ६८ हजारांवर आल्या तेव्हा तिच्या रूममेटने मला फोन केला. "काकू, घाबरू नका, पण तुम्ही या." रात्रीच्या गाडीने निघाले. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, एकेक गाव मागे पडत होतं आणि माझ्या डोक्यात एकच, की कॉलेजने मला कळवलं कसं नाही? सकाळी कॉलेजच्या नर्सबाईंनी रजिस्टर दाखवलं. तारीख, वेळ, तीन फोन, पुढे लिहिलेलं ‘पालकांनी उचलला नाही’. मी त्या नंबरावरून बोट फिरवलं. तो नंबर माझा नव्हता.

ती बरी झाली. आणि मी नंबर बदलायच्या मागे लागले.

पहिला हेलपाटा ऑक्टोबरात. विद्यार्थी विभागाच्या खिडकीवर गेले. "ऑनलाइन बदलता येतं, इथे काही नाही." बाहेरच्या बाकावर बसून लेकीच्या फोनवर लॉगिन केलं, पालकांचा तपशील उघडला, नवा नंबर टाकला. तर ओटीपी जुन्या नंबरवर! जो नंबर चुकीचा म्हणून बदलायचा, त्याच नंबरवरून परवानगी हवी. त्या नंबरला फोन लावला. कुणी गृहस्थ होते. ओटीपी सांगाल का म्हटल्याबरोबर त्यांनी फोन ठेवला. त्यांनी बरोबरच केलं. आमच्या खातेदारांना मी रोज हेच सांगते, की ओटीपी कुणालाही द्यायचा नाही.

परत खिडकी. "मग अर्ज द्या." अर्ज कुठे मिळतो? "गेटबाहेर, झेरॉक्सच्या दुकानात." कॉलेजचा छापील नमुना कॉलेजात नाही, बाहेर दुकानात पाच रुपयांना मिळतो. त्यावर सह्या तीन. विद्यार्थिनीची, जीएफएमची आणि विभागप्रमुखांची. जीएफएम म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर. पुण्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत वीस-पंचवीस मुलांमागे एक प्राध्यापक असा नेमलेला असतो, हजेरी, गुण, अडचणी सगळं त्यांनी बघायचं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्या मॅडम प्रॅक्टिकलला होत्या आणि विभागप्रमुख रजेवर. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत थांबले, पुढे साडेतीनची गाडी होती.

दुसरा हेलपाटा नोव्हेंबरात. या वेळी लेकीने आधीच दोन्ही सह्या घेऊन ठेवल्या होत्या. अर्ज खिडकीत दिला. म्हटलं, दादा, पोच द्या. "पोच देत नाही आम्ही, आठवड्यात होऊन जाईल." इथे मी चुकले. आमच्याकडे कुणी दहा रुपये भरले तरी पावती फाडतो आम्ही, आणि मी शिक्का न घेता तिथून हलले. कुठल्याही कार्यालयात कागद देताना दुसरी प्रत सोबत ठेवा आणि तिच्यावर आवकचा शिक्का, तारीख, सही घ्याच. देत नाही म्हणाले तर तिथेच थांबा. निदान दिलेल्या कागदाचा खिडकीसकट फोटो काढून ठेवा.

तिसरा हेलपाटा डिसेंबरात. अर्ज सापडत नव्हता. ज्यांनी घेतला ते परीक्षेच्या कामावर गेलेले. नवा अर्ज, नव्या सह्या. त्यासाठी लेक दोन जिने चार वेळा चढली-उतरली. या वेळी खिडकीवरच्या माणसाने अर्ज वाचला आणि म्हणाला, "रेकॉर्डला पालक म्हणून वडिलांचं नाव आहे. नंबर तुमचा कसा टाकणार?"

मी म्हटलं, मी आई आहे तिची.

"हो ताई, पण पालक वडील आहेत ना. त्यांचा नंबर द्या, नाहीतर त्यांची संमती नोटरी करून आणा."

आमचे हे ट्रकवर असतात. हैदराबाद, बंगळूर, कधी त्याच्याही खाली. गाडी चालवताना ते फोन घेत नाहीत आणि घेऊही नयेत. म्हणून तर माझा नंबर हवा होता. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचं असं आपल्या राज्य सरकारने ठरवलं, शाळेच्या दाखल्यावर सुद्धा. आणि माझ्या पोरीच्या तापाची खबर मला मिळावी यासाठी नवऱ्याची नोटरी! मी वाद घातला. आवाज चढला माझा. मागे रांगेत उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, "माझंही हेच झालंय." त्या साताऱ्याच्या, त्यांच्या मुलाच्या रेकॉर्डला तर मामांचा नंबर होता. खिडकी अडीचला बंद झाली. स्वारगेटपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. लेक सोबत आली होती, तिने नुसता हात धरून ठेवला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून निदान एवढ्या खेपा खिशाला झेपल्या. रजा मात्र बिनपगारी पडली.

आमचे हे आठ दिवसांनी घरी आले. बार्शीच्या कोर्टाबाहेर नोटरी केली.

चौथ्या वेळी मी खिडकीवर गेलेच नाही. आधी जीएफएम मॅडमना फोन करून वेळ मागितली, त्यांनी स्टाफरूममध्ये बोलावलं. डेंग्यूची गोष्ट त्यांना ठाऊक होती. लेकीचं मेडिकल सर्टिफिकेट त्यांनीच हजेरीसाठी पुढे पाठवलेलं. पण नंबर अजून बदलला नाही हे माहीत नव्हतं. "तुम्ही मला का नाही सांगितलंत?" म्हणत त्या उठल्याच. मला घेऊन खाली आल्या आणि खिडकीच्या आतल्या बाजूने एका टेबलापाशी नेलं. तिथल्या बाईंनी नोटरीचा कागद उलटापालटा करून पाहिला, म्हणाल्या, "हा कशाला? आई-वडील दोघांचे रकाने वेगळे आहेत. आईचा रिकामाच आहे, भरून टाकू." त्यांच्या लॉगिनला जुन्या नंबरचा ओटीपी लागतच नव्हता. त्यांनी माझा नंबर विचारला. मी एकेक आकडा सांगितला, त्यांनी एकेक दाबला, मग परत वाचून दाखवला. माझ्या हातातला फोन थरथरला. ओटीपी आला. वडिलांच्या रकान्यातला कॅफेवाल्याचा नंबर काढून ह्यांचा घातला. भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं तर तीन मिनिटं झाली होती.

त्या बाईंना मी हात जोडले आणि बाहेर येऊन बाकावर बसले. आनंद झाला होता आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं. तीन मिनिटांचं काम होतं. ते टेबल ऑक्टोबरातही तिथेच होतं.

तेव्हा सगळ्यात आधी जीएफएमचं नाव आणि नंबर मिळवा. कुठल्याही खिडकीच्या आधी त्या माणसाला भेटा. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांच्याकडेच असतो, पालकसभेचं बोलावणंही त्याच नंबरवर जातं. आमची पहिली पालकसभा त्या परक्या गृहस्थांना कळली, मला नाही.

हॉस्टेलचं रजिस्टर वेगळं असतं, ते ईआरपीला जोडलेलं नसतं. तिथे रेक्टर मॅडमनी जुना नंबर पेनने खोडून माझा लिहिला, पुढे सही केली, संपलं. पुण्यातल्या एखाद्या नातेवाइकाचा नंबरही तिथे देऊन ठेवा. आम्ही हडपसरच्या माझ्या चुलत बहिणीचा दिला.

अँटी-रॅगिंगचं हमीपत्र विद्यार्थ्याचं आणि पालकाचं दोघांचं असतं, अँटीरॅगिंग डॉट इनवर भरायचं. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे हे नियम २००९ पासून आहेत. तेही लोक कॅफेत भरून टाकतात, तिथेही नंबर कुणाचा गेला ते बघा. घरी बसून मुलाबरोबर भरलं तर दोघांचंही वाचून होतं. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते आणि फुकट आहे. पालकही तिच्यावर तक्रार करू शकतात. माझ्या फोनमध्ये तो नंबर लेकीच्या नंबरच्या खालीच ठेवलाय.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज असेल तर आधारला कोणता मोबाईल जोडलाय ते अर्ज उघडायच्या आधी तपासा. आमचं ते बरोबर होतं, पण लेकीच्या मैत्रिणीचा त्यात महिना गेला.

एक गोष्ट लेकीबद्दल सांगायलाच हवी. अर्जावर तिची सही लागते याचा पहिल्यांदा मला राग आला होता. नंतर पटलं. ती अठरा पूर्ण आहे, तिची हजेरी आणि गुण मला दिसावेत की नाही हे तिलाही विचारलं पाहिजे. तिने मला सरळ विचारलं, "आई, तू रोज बघणार का?" मी म्हटलं, रोज नाही बघणार. आजारी पडलीस, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जायला लागली, तर मला कळलं पाहिजे. बाकी तू सांगशील ते. असं आमचं ठरलं आणि मग तिने सही केली. ज्यांना मुलांवर पहारा ठेवायचाय त्यांना माझा सल्ला चालणार नाही. मुलं दुसरा फोन घेतात, खोटं बोलायला शिकतात. मी आमच्या शेजारीच पाहिलंय.

तिच्या वेळापत्रकाची झेरॉक्स मी स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या शेजारी चिकटवली आहे. आधी मी फोनवर "जेवलीस का, झोपलीस का" एवढंच विचारायची आणि ती "हो" म्हणून ठेवायची. आता मी विचारते, आज वर्कशॉप होतं ना, जॉब झाला का पूर्ण? जॉब म्हणजे तिथे हाताने बनवायची वस्तू. सबमिशन, ओरल, केटी (म्हणजे राहिलेला विषय) हे शब्द मी तिच्याकडूनच शिकले. वर्कशॉपमध्ये लोखंडाच्या तुकड्याला कानस मारून मारून हाताला फोड आले, हे तिने मला वीस मिनिटं सांगितलं. पूर्वी हे कळलंच नसतं.

फेब्रुवारीत पहिला मेसेज आला. दुपारी कॅशची बेरीज करत होते. ‘आपली पाल्य आज २ तासांना अनुपस्थित.’ हात थांबला माझा. फोन लावावासा वाटला, पण आधी बेरीज पूर्ण केली. रात्री तिचाच फोन आला. शिष्यवृत्तीसाठी खात्याला आधार जोडायला बँकेत गेली होती, तिथे रांग होती.

"मला मेसेज आला होता," मी म्हटलं.

"माहितेय. मलाही येतो." ती हसली. "तू दिवसभर वाट बघत होतीस ना?"

मग म्हणाली, केमिस्ट्रीच्या जर्नलवर अजून दोन सह्या राहिल्यात, बुधवारपर्यंत झाल्या पाहिजेत. फोन ठेवल्यावर मी वेळापत्रकात बुधवारवर पेनने खूण केली.