गुलाबी डंबेल आणि पिशवीतले नारळ

गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना माझे हात गेले. दुखले वगैरे नाही, सरळ गेलेच. स्टुलावर उभं राहून एका हाताने नारळांची पेंड वर धरायची आणि दुसऱ्या हाताने केवणीचा दोर फिरवून गाठ मारायची, हे काम मी सोळाव्या वर्षापासून करतोय, आमच्या गोव्यातल्या माशेलच्या घरात माटोळी म्हणजे माझंच खातं, त्यात कोणी लुडबुड केलेली मला खपत नाही. आणि त्या दिवशी तिसऱ्याच गाठीला खांदे थरथरायला लागले. पुतण्या खाली उभा राहून कवंडळं (रानफळं) देत होता, तो म्हणाला, "सोड काका, हांव बांदतां." आणि मी सोडलं. स्टुलावरून उतरलो आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो, ते आरतीलाच बाहेर आलो.

आता हे वय झाल्याचं लक्षण म्हणायचं तर मी एक्कावन्नचा. रोज सकाळी पाऊण तास चालतो, त्यामुळे मी फिट आहे असा माझा ठाम समज होता. पण चालून खांद्याला काय मिळणार? दिवसभर पणजीत ऑफिसात खुर्ची, जाता येता बसची सीट, उचलायचं काय तर फाईल. नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं की तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांनी साधारण 3 ते 8 टक्के कमी होत जातात, साठीनंतर अजून वेगाने, आणि आपल्याला पत्ता लागत नाही कारण वजनकाटा तोच आकडा दाखवतो, स्नायू जाऊन तिथे चरबी येऊन बसलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली जे सांगितलंय त्यात आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आहेच, पण त्याच्याबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम पण आहे. म्हणजे मी अर्धाच पेपर सोडवून पास झालो म्हणून हिंडत होतो.

"या वयात आता काय" हे मी पण म्हणून पाहिलं. मग 1990 सालचा एक अमेरिकन प्रयोग वाचनात आला. वृद्धाश्रमातले नव्वदीच्या आसपासचे जेमतेम दहा जण, त्यांच्याकडून 8 आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले आणि मांडीची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीतले! त्यानंतर माझ्याकडे सबब उरली नाही.

जिमला जायचं नव्हतं. एकदा डोकावून आलो होतो, आत पुतण्याच्या वयाची पोरं आरशात स्वतःला बघतायत आणि गाणं असं की छातीत धडधडायला व्यायामाची गरजच नाही. घरी येऊन बायकोला म्हटलं डंबेल घ्यायचे आहेत, ती म्हणाली आहेत की. खरंच होते. लॉकडाऊनमध्ये तिने घेतलेली 2-2 किलोची जोडी, गुलाबी. तेव्हापासून मागच्या दाराला वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकू लावलेली होती. गुलाबी रंगावरून घरात जे काय बोलून झालं ते इथे लिहीत नाही. पण एक सांगतो, ते वरून प्लास्टिकचं आवरण असतं ना ते गोव्यात फार कामाचं. मित्राने उघडे लोखंडी घेतलेत, पहिल्या पावसाळ्यातच गंज चढला आणि हात कायम तांबडे. आमची गुलाबी जोडी अजून नवी कोरी.

(डंबेल या शब्दाचं मूळ मजेशीर आहे. डंब म्हणजे मुकी, बेल म्हणजे घंटा. इंग्लंडात पूर्वी चर्चची घंटा ओढायचा जसा दोर असतो तसा सांगाडा करून लोक व्यायामाला ओढायचे, फक्त वर घंटा नाही, म्हणून मुकी घंटा, आणि ते नाव पुढे हातातल्या वजनाला चिकटलं. मी संध्याकाळी साधारण देवळातल्या आरतीच्या वेळेलाच सुरू करतो, तिकडे बोलकी घंटा, इकडे माझ्या हातात मुकी.)

पहिल्या दिवशी मी काय केलं तर उभा राहून कोपरातून हात वर खाली, वर खाली, झोके देत, चाळीस वेळा. काहीच वाटलं नाही. म्हटलं दोन किलो म्हणजे खेळणंच, अजून चाळीस. आणि मग अजून. दुसऱ्या दिवशीही ठीक होतो, तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला तांब्या डोक्यापर्यंत जाईना. हात सरळ पण होईनात आणि पूर्ण वाकेनात पण. पोदेराकडून पाव घेताना पैसे असे पुढे केले की त्याने विचारलं, "कितें रे जालें?" हे दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला जातं आणि आपोआप ओसरतं, सवय नसलेल्या कामाने, त्यातही वजन खाली सोडताना, स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते त्याचं ते. लॅक्टिक ॲसिड साचतं वगैरे आपण शाळेपासून ऐकत आलोय ते खरं नाही, ते तासाभरात निघून गेलेलं असतं. चार दिवस सुट्टी. मग डोकं वापरून सुरुवात केली.

मुख्य गोष्ट कळली ती अशी की वजन किती आहे याच्यापेक्षा सेटच्या (न थांबता केलेल्या एका फेरीच्या) शेवटी तुमची काय अवस्था होते ते बघायचं. हलक्या वजनाने पण स्नायू वाढतात, एका वेळी जेमतेम पेलेल अशा कमाल वजनाच्या 30 टक्के वजन घेऊन लोकांवर प्रयोग झालेत आणि भारी वजनवाल्यांच्या जवळपास तेवढाच फायदा दिसलाय, पण अट एकच, शेवटच्या दोन तीन रेप्स (आवर्तनं) खरोखर जड गेल्या पाहिजेत. कमाल ताकद वाढवायची तर भारी वजनच लागतं, ते वेगळं, पण मला कुठे गोणी उचलायच्यात. तर दोन किलो जड करायचं कसं? हळू. खाली सोडताना मनात एक दोन तीन मोजायचं, खाली थांबायचं, झोका बंद. जे मी चाळीस वेळा मारत होतो ते असं केलं तर पंधराव्याला घाम.

दुसरं म्हणजे दंडाचा मोह सोडायचा. आरशात दंडच दिसतो म्हणून आपण तोच करत बसतो, पण माझे हात माटोळीत गेले ते खांदे आणि पाठ कच्ची म्हणून. त्यामुळे आता कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून, डंबेल पोटाकडे ओढणं हे पहिलं, विहिरीतून कळशी ओढल्यासारखं पण दोन्ही हातांनी एकदम. मग खुर्चीत बसून डोक्यावर ढकलणं. मग जमिनीवर चटईवर उताणं झोपून छातीवरून वर. प्रत्येकाचे दोन सेट, नंतर तीन केले. सोमवार, बुधवार, शनिवार, वीस पंचवीस मिनिटं, बास. मधल्या दिवशी काही नाही, स्नायू भरून यायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

श्वासाचं मात्र सांगायलाच हवं कारण मला बीपीची गोळी चालू आहे. जोर लावताना आपण नकळत श्वास कोंडतो आणि तेवढ्यापुरतं बीपी भसकन वर जातं. डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं होतं, त्यांनी एवढंच सांगितलं की जोर लावताना श्वास सोडा आणि आकडे मोठ्याने मोजा, मोजताना कोंडता येत नाही. तेव्हापासून मोठ्याने मोजतो, शेजाऱ्यांना सगळा हिशोब कळतो.

तीन आठवड्यांत फरक वाटला, आणि मी लगेच शर्टाची बाही वर करून बघितली, तिथे काही नव्हतं. सुरुवातीची ताकद ही स्नायू वाढल्याची नसतेच म्हणे, मज्जासंस्था असलेल्या स्नायूंना नीट कामाला लावायला शिकते त्याची असते. म्हणजे कामगार तेच, मुकादम सुधारला. बाहीवर दिसायला महिने गेले, आणि खरं सांगायचं तर अजूनही मलाच दिसतं.

आता पाय. इथे गुलाबी जोडी कमी पडली, मांडी म्हणजे शरीरातला दांडगा स्नायू, त्याला दोन किलो म्हणजे पाहुणचार. मग नारळ आठवले. सोललेला नारळ साधारण अर्धा किलोचा, थोडा जास्तच. जाड कापडी पिशवीत सहा नारळ, पिशवी छातीशी धरून खुर्चीवर टेकायचं आणि उठायचं, बारा वेळा. दर आठवड्याला एक नारळ वाढवायचा. ही काही माझी अक्कल नाही, 1940च्या दशकात अमेरिकन लष्करातला डॉक्टर थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांच्या गुडघ्यांसाठी हेच करत होता, दहा दहा रेप्सचे सेट आणि वजन पायरी पायरीने वर. त्याच्याही कितीतरी आधी प्राचीन ग्रीक पैलवान मायलोची गोष्ट आहे, तो रोज एक वासरू खांद्यावर घ्यायचा, वासरू वाढत गेलं तसा तो पण वाढत गेला आणि शेवटी अख्खा बैल उचलू लागला. फरक एवढाच की मायलोचं वासरू कोणी आमटीत घालत नव्हतं. आमच्याकडे हुमण (माशांचं कालवण) नारळाशिवाय होत नाही आणि बायकोला माझ्या पिशवीतला नारळ सगळ्यात जवळ पडतो. मी नऊवर असतो आणि गुरुवारी बघतो तर सहा.

मध्ये जानेवारीत एक मूर्खपणा केला. मित्राकडून 5 किलोची जोडी आणली आणि थेट डोक्यावर ढकलली. उजव्या खांद्यात कळ आली, स्नायूची नाही, आत सांध्यात, टोचल्यासारखी. हा फरक ओळखायला शिकलो, स्नायू जळजळतो ते चालतं, सांध्यात टोचलं की थांबायचं. तीन आठवडे खांद्याचं सगळं बंद, आणि परत सुरुवात कशाने तर गुलाबी. पाच किलो सध्या फक्त ओढायच्या व्यायामाला वापरतो, तिथे खांदा कुरकुरत नाही.

खाण्याचं पण थोडं. प्रोटीन पावडर घेतली नाही, लागतही नाही. आपल्याकडच्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन रोज, माझं वजन 72, म्हणजे साठेक ग्रॅम, व्यायाम करणाऱ्याने थोडं जास्तच खावं म्हणतात. 100 ग्रॅम बांगड्यात 18-20 ग्रॅम मिळतं त्यामुळे मे पर्यंत मी निश्चिंत होतो. पण 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, जी मासळी येते तिचा भाव ऐकूनच बीपी वाढतं, आणि ते संपतं न संपतं तोवर श्रावण. तेव्हा अळसांद्याचं (गोव्याकडच्या चवळीचं) तोणाक, म्हणजे रस्सा उसळ, मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची भाजी), अंडी, दही. अळसांदे कोरडे 100 ग्रॅम घेतले तर 23-24 ग्रॅम प्रोटीन, आणि पावाबरोबर काय लागतं ते सांगायला नको. शीत (भात) कमी केलं नाही, ते माझ्याच्याने होणार नाही.

आता बाहेर धो धो पाऊस आहे, सकाळचं चालणं दोन आठवडे जवळपास बंद, पण संध्याकाळचं चुकलेलं नाही, घरातल्या घरात असल्याचा हाच फायदा. आणि चवथीची तयारी म्हणून एक प्रकार मुद्दाम वाढवलाय, दोन्ही डंबेल डोक्यावर धरून नुसतं उभं राहायचं. पहिल्यांदा वीस सेकंद, आता दीड मिनिट. पुतण्याला यातलं काही सांगितलेलं नाही.

काल संध्याकाळी पिशवी उचलली तर एकदम हलकी लागली, मी म्हटलं वा, आली वाटतं ताकद. मोजले तर पाच. घरी पाहुणे येऊन गेले होते. आज बाजारातून डझनभर आणलेत आणि पिशवी कपाटावर ठेवलीय, तिथवर बायकोचा हात पुरत नाही. स्टुलाची आठवण तिला अजून झालेली नाही.