डाव्या हातानं लिहिलेलं कार्ड

शताब्दीच्या स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा असा शाळेचा निरोप आला, तेव्हापासून डोक्यात नुसती गर्दी झालीये. पण वय झालं, जास्त लिहवत नाही, त्यामुळे आमच्या रेक्टर सरांची एकच गोष्ट लिहितो.

मी १९४२ साली बोर्डिंगात आलो, पहिली इंग्रजीत, म्हणजे आताच्या पाचवीत. आई नव्हती, वडील मुंबईला गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे बोटीवरच्या मालाची मोजदाद ठेवणारे, म्हणून मला इथे ठेवलं. पावसाळ्यात बोटी बंद असायच्या त्यामुळे आम्ही मुंबईची पोरं मे अखेरच्या बोटीने यायचो ते थेट दिवाळीलाच घरी. राज्य इंग्रजांचं, शाळा खासगी, सरकारी ग्रँट नाही, सगळी ओढाताण. लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं म्हणून दोन खोल्यांत मिळून एक कंदील, आणि कंपाउंडच्या पलीकडे लगेच समुद्र, रात्रभर गाज ऐकू यायची.

सरांचा एक नियम होता, समुद्रात उतरायचं तर आधी भरतीची वेळ सांगायची, घड्याळ न बघता. तिथीची पाऊणपट करायची की झालं, चतुर्थीला तीनची भरती, अष्टमीला सहाची. हिशोब चुकला की त्या दिवशी पोहणं बंद. आजही कॅलेंडरवर तिथी दिसली की माझ्या डोक्यात आपोआप भरती निघते.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधे फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला तो हा दिवस. बोटीत जवळपास १४०० टन दारूगोळा आणि त्याच्याच जोडीला कापसाच्या गाठी, त्या पेटल्या आणि संध्याकाळी चारच्या पुढे अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले, हादरा पार सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, म्हणून १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात. हे सगळं मला खूप नंतर कळलं. तेव्हा सेन्सॉर कडक, पक्की बातमी कुठूनच मिळेना. मुंबईहून आलेला एक उतारू बंदरावर एवढंच बोलला की गोदी जळतेय, आणि ते माझ्या कानावर आलं.

त्या रात्री सरांनी माझी वळकटी स्वतः उचलून त्यांच्या खोलीत नेली. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते मला रोज बंदरावर न्यायचे. बोट बाहेर खोल पाण्यात थांबायची, ओहोटीला खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा उघडा पडायचा त्यामुळे उतारूंना किनाऱ्यावर आणणाऱ्या पडावाला, म्हणजे होडीला, आत यायला भरतीच लागायची. रविवारी अष्टमी, आम्ही सहाला जाऊन उभे. शेवटचा उतारू उतरेपर्यंत सर माझा हात सोडायचे नाहीत आणि मग आम्ही वाळूतून परत यायचो. परीक्षा तोंडावर आलेली, तरी अभ्यासाचं एका शब्दाने विचारलं नाही त्यांनी.

बुधवारी एकादशी, भरती सव्वाआठची. पडावातून टपालाची थैली आली आणि तिच्यात माझं कार्ड होतं. 'चि. बाळ यास अनेक आशीर्वाद, मी खुशाल आहे, काळजी करू नये.' एवढंच, आणि अक्षर वेडंवाकडं, अजिबात वडिलांचं नाही. मी तिथेच रडायला लागलो, मला वाटलं वडील गेले आणि दुसऱ्याच कोणीतरी मला समजवायला लिहिलंय.

सरांनी मला खोलीवर आणलं, माझ्या ट्रंकेतून वडिलांचं जुनं कार्ड काढायला लावलं आणि दोन्ही कार्डं कंदिलाजवळ धरली. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "बाळ्या, हा ळ बघ. इथे शेपूट डावीकडे ओढलंय, इथे पण तसंच ओढलंय. उजव्या हाताला लागलं असेल म्हणून डाव्यानं लिहिलंय, पण लिहिलंय त्यांनीच." मी बघितलं. खरंच तसाच ळ होता, बाळ मधला पण आणि काळजी मधला पण. मग मला जेवायला वाढलं त्यांनी, स्वतः तोवर जेवले नव्हते.

मे महिन्यात मुंबईला गेलो तर वडील धक्क्यावर उभे, उजवा हात गळ्यात अडकवलेला. सरांचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं.

दोन्ही कार्डं मी आजवर जपून ठेवलीत, या पत्रासोबत शाळेला देतोय. प्रदर्शनात मांडाल तेव्हा शेजारी शेजारी ठेवा म्हणजे ळ दिसेल.