मीटरवर १.४, अँटेनापाशी ६

तक्रार अशी: १५० मेगाहर्ट्झचा वायरलेस सेट २५ वॅट देतो, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती लाट परत येते त्याचं माप, १ म्हणजे अचूक जुळणी) १.४ दिसतो, तरी पलीकडे धड ऐकू जात नाही. सेट बदलूनही फरक नव्हता. मला खटकलं ते वेगळंच. अॅनालायझर (फ्रिक्वेन्सी बदलत एसडब्ल्यूआर मोजणारं यंत्र) १४० ते १७० मेगाहर्ट्झ फिरवला तरी रेघ जवळपास सपाट! गॅमा मॅचच्या (केबल आणि अँटेना जुळवणारी दांडी-नळीची जोडणी) यागीची, म्हणजे एका दिशेला रोखलेल्या दांड्यांच्या अँटेनाची, जुळणी एवढ्या रुंद पट्ट्यात टिकत नाही. कडांना एसडब्ल्यूआर चढायलाच हवा.

म्हणून वरचा कनेक्टर सोडून, केबलचं टोक मोकळं ठेवून खालून मोजलं. टोकाला काहीच नाही, म्हणजे सगळी शक्ती परत यायला हवी. रिटर्न लॉस, म्हणजे परतलेली शक्ती पाठवलेल्यापेक्षा किती कमी, आला १३ डीबी (डेसिबल), म्हणजे एसडब्ल्यूआर १.६. म्हणजे केबलने जाताना ६.५ डीबी खाल्ले, येताना ६.५. चांगल्या आरजी-२१३ची (जाड कोअॅक्सियल केबल) ३० मीटर लांबी या फ्रिक्वेन्सीला साधारण २.५ डीबी खाते. परतीची लाट केबलच गिळत होती, मीटरपर्यंत पोचू देत नव्हती.

मग अँटेनाशी ६६ सेंटीमीटरचा केबलचा तुकडा जोडून मोजलं. ०.६६ वेगगुणकाच्या (लाटेचा वेग प्रकाशाच्या ०.६६ पट) केबलमध्ये ही अर्धी तरंगलांबी, त्यामुळे अँटेनाचा इंपीडन्स (रोध आणि रिअॅक्टन्स मिळून होणारा विरोध) जवळपास तसाच दिसतो. रोध ४० ओहम आणि सोबत ९० ओहम प्रेरकीय रिअॅक्टन्स, एसडब्ल्यूआर ६. हा रिअॅक्टन्स गॅमाच्या दांडीचा. तो खोडायला सिरीजमध्ये सुमारे १२ पिकोफॅरडचा कपॅसिटर लागतो, तो गॅमाच्या नळीतच असतो, पण नळीत पाणी आणि गंज साचून तो कपॅसिटर जवळजवळ शॉर्ट झाला होता. २५ वॅटपैकी वर पोचत होते ५.६, त्यातले निम्मे परत. हवेत जेमतेम पावणेतीन.

अशा वेळी खाली ट्यूनर लावायचा सल्ला हमखास मिळतो. त्याने सेटला ५० ओहम दिसतील, केबलमधला नाश तसाच राहील.

केबल काढून टाकली. पाणी केबलच्या तारांच्या जाळीतून झिरपत आत गेलं की तांबं काळं पडतं. वाळवून ती सुधारत नाही. गॅमाची नळी घासली, आतलं इन्सुलेशन बदललं, खालच्या बाजूला निचऱ्याचं भोक पाडलं, पट्टी सरकवून रोध ५० वर आणला. कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप चांगली ताणून आणि तिच्यावर पीव्हीसी टेप, खालून वर गुंडाळलेली. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मात्र नको, त्यातलं आम्ल तांबं खातं.

नव्या केबलचा मोकळ्या टोकाचा रिटर्न लॉस ५ डीबी आला, तो नोंदवहीत लिहिला. पुढच्या तपासणीत हा आकडा वाढलेला दिसला, तर आधी वरचा कनेक्टर उघडायचा.