अक्रातली बाजरी

घानाच्या राजधानीत, अक्रात, आमच्या गेस्ट हाउसमध्ये सकाळचा नाश्ता भाड्यातच धरलेला होता. गोडसर पांढरा ब्रेड, डब्यातले बीन्स, मी खात नाही ते सॉसेज, ऑम्लेट आणि टी-बॅगचा चहा. खिडकीतून समोरचा कोपरा दिसायचा. तिथे एक बाई भल्यामोठ्या पातेल्याशेजारी बसलेली आणि तिच्याभोवती गणवेशातली मुलं, टॅक्सीवाले, टाय लावलेले नोकरदार. प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत काहीतरी वाफाळतं घ्यायचे, पिशवीचा कोपरा दातांनी तोडायचे आणि चोखत चोखत कामाला निघायचे. अख्खं शहर एक खातंय आणि आमच्या पानात भलतंच वाढलं जातंय, याचा मला चक्क राग यायला लागला. मॅनेजरना विचारलं, तर म्हणाले, "ते रस्त्यावरचं आहे मॅडम, पाहुणे खात नाहीत." पाहुण्यांना कधी विचारलं होतं का, हे मी तोंडातच ठेवलं.

स्वयंपाकघरातल्या आंटी मात्र हसल्या. त्या स्वतः येताना तेच पिऊन यायच्या. हौसा कोको. चॉकलेटच्या कोकोचं पीक घानात अमाप येतं, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही; हा कोको म्हणजे पेज. कशाची, म्हटल्यावर त्यांनी डब्यातून मूठभर धान्य काढून दाखवलं. बाजरी! मी नगरकडची. बाजरी ओळखायला मला चष्मा लागत नाही.

"रविवारी घरी करणार आहे, या. पण शनिवारीच या, रविवारचा कोको रविवारी होत नसतो."

मधल्या दिवसांत काकुमच्या जंगलातले झुलते पूल झाले, केप कोस्टचा किल्ला झाला. गुलामांना जिथे कोंडून ठेवत त्या कोठड्यांबद्दल नाश्त्याच्या लेखात दोन ओळी टाकणं मला जमणार नाही, म्हणून ते इथे नाही.

शनिवारी ट्रोट्रोने नीमाला गेले. ट्रोट्रो म्हणजे जुनी मिनीबस. भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली याची व्याख्या कंडक्टर करतो. नीमा ही अक्रातली जुनी, दाट वस्ती, उत्तरेकडून आलेल्या मुसलमान कुटुंबांची. हौसा भाषा इथे सर्रास कानावर पडते. आंटींचं घर म्हणजे मधल्या अंगणाभोवती खोल्या आणि खोलीगणिक एक कुटुंब. मी नेलेला मिठाईचा डबा उजव्या हाताने दिला, तेवढ्यावर त्यांच्या सासूबाई खूश झाल्या. डाव्या हाताने देणं तिथेही अपमानाचं.

बाजरी आदल्या रात्रीपासून भिजत होती. ती निथळून, त्यात आलं, लवंगा आणि सुक्या मिरच्या घालून आम्ही गल्लीतल्या गिरणीवर नेली. ओलं धान्य दळणारी गिरणी! समोर मक्याची रांग, मागे चवळीची. घरी आल्यावर ते पीठ पाण्यात कालवून फडक्यातून गाळलं आणि झाकून ठेवलं. सकाळपर्यंत खाली दाट गाळ बसतो, वर निवळ राहते आणि दोन्हीला आंबूस वास येतो. आमच्या आजीच्या आंबिलीचाच वास, फक्त लवंगेची भर.

रविवारी उजाडता उजाडता पोचले, तेव्हा आंटींनी कोकोबरोबरच्या कोसेंसाठी, म्हणजे तळलेल्या गोळ्यांसाठी, चवळी माझ्या पुढ्यात ठेवली. थोडाच वेळ भिजवलेली चवळी दोन तळव्यांत चोळायची, पाणी भरायचं, तरंगणारी सालं ओतून द्यायची, पुन्हा चोळायची. चार-दोन काळे डोळे राहिलेच तर चालतील ना, असं विचारून पाहिलं. चालत नाहीत. अंगणातल्या बायका येता-जाता माझ्या पातेल्यात डोकावून जात आणि हौसात काहीतरी बोलून हसत. मला कळत नव्हतं ते बरंच.

सोललेली चवळी अगदी कमी पाण्यात वाटून आणली. कांदा-मिरची आंटींनी असांकात, म्हणजे आतून खाचा असलेल्या मातीच्या पसरट भांड्यात, लाकडी बत्त्याने रगडली. मग फेटणं. हात भरून येईपर्यंत लाकडी पळीने एकाच दिशेने. त्यात हवा भरली की कोसे हलके होतात, सोडा लागत नाही. मीठ तेलात सोडायच्या अगदी आधी. कोसेंनाच नायजेरियात अकारा म्हणतात आणि अटलांटिकपलीकडे ब्राझीलच्या बाहियात हेच गुलामांबरोबर जाऊन आकाराझे झालं.

इकडे कोको चुलीवर. आधी वरची निवळ उकळायची, मग खालचा गाळ ढवळत ढवळत त्यात सोडायचा. पाच मिनिटांत करडी, चकचकीत, तिखट-आंबट पेज तयार. त्यात आंटींनी माझ्यासाठी इतकी साखर घातली की मी ओरडलेच. "साखरेशिवाय कोको? आजारी आहात का?" वर भाजलेले शेंगदाणे. अंगणातून जाणाऱ्या प्रत्येकाला "या, खायला या" झालंच, आणि बरेचजण खरंच बसले. गेस्ट हाउसमध्ये सगळे आपापल्या फोनकडे बघत ऑम्लेट खायचे.

बाजरी आपली, असं मी जन्मभर धरून चालले होते. प्रत्यक्षात ती सुमारे ४,५०० वर्षांपूर्वी आजच्या मालीच्या भागात पिकायला लागली आणि तिथून पुढे भारतात आली. चवळीही आफ्रिकेचीच, मध्य घानात किंताम्पोच्या कातळांखाली साडेतीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे तिचे जळके दाणे सापडलेत. नगरच्या भाकरीची ऐट आंटींसमोर मिरवली नाही, हे बरं झालं.

पुण्यात करायचं तर पहिली अडचण गिरणीची. ओली बाजरी म्हटल्यावर आमच्या चक्कीवाल्याने हातच जोडले. मिक्सरमध्ये थोडी थोडी वाटा, पाणी सढळ घाला, मलमलच्या कापडातून गाळा. थंडीत आंबायला जास्त वेळ द्या. चवळीची सालं काढायचा कंटाळा असेल, तर कोसेच्या भानगडीत पडूच नका. सालासकट केलेले मी खाल्लेत, दगड होतात. आमच्याकडे कोसे कढईतून काढता काढता संपले. कोको मात्र मुलांनी वास घेऊन परत केला, नवऱ्याने "छान आहे" म्हणून वाटी तशीच ठेवली. उरलेला सगळा मी प्यायले, बिनसाखरेचा.