कपाटातलं रोप

भाचीला होमवर्क होता, सजीवांना जगायला काय काय लागतं. तिने ते पाठच करून टाकलेलं, हवा पाणी अन्न सूर्यप्रकाश निवारा, पाढे म्हणतात तसं एका दमात. मला उगाच खुमखुमी आली, म्हटलं पाठ करून काय कळणार, प्रयोग करू. तोच आपला जुना, कापसावर घेवड्याचे दाणे. एक ग्लास खिडकीत, रोज पाणी शिंपडायचं. दुसरा कपाटात, पाणी आहे पण उजेड नाही. तिसरा खिडकीतच पण कोरडा ठणठणीत. निकाल मला आधीच माहीत होता, पहिला जगणार, बाकीचे दोन मरणार आणि मावशी शहाणी ठरणार. चौथा ग्लास प्रयोगात नव्हताच, तो तिचा स्वतःचा, लाडका. वहीत तिने दोन रकाने आखले, जगलं आणि मेलं.

दहा दिवसांनी कपाट उघडलं तर आतलं रोप खिडकीतल्यापेक्षा चांगलं दुप्पट उंच! पिवळट, लुकडं, मान वाकडी, पण उंच. "मावशी, अंधारात जास्त वाढतं," असं म्हणून तिने ते लिहूनसुद्धा टाकलं. आता काय बोलणार, ती खोटं थोडीच लिहीत होती.

मग मी जरा सावरून समजावायला बसले. बी मातीत पुरलेलं असतं तेव्हा वरती किती माती आहे हे त्या कोंबाला कुठे माहीत असतं, म्हणून उजेड लागेपर्यंत बाकी सगळं बाजूला ठेवून तो नुसता उंच व्हायच्या मागे लागतो, हिरवा रंगसुद्धा बनवत नाही. आणि हे सगळं चालतं बियाने बरोबर आणलेल्या शिदोरीवर. ते दोन जाड दल असतात ना, तीच शिदोरी. "आणि ती संपली की?" संपली की संपलं. आणखी दहा-बारा दिवसांत ते आडवं झालं, तेव्हा तिने आधीचं वाक्य खोडलं, पण पूर्ण नाही, वाचता येईल इतपत. मला ते आवडलं खरं तर.

शिदोरीवरून गाडी अन्नावर गेली. झाड माती खातं असं तिचं ठाम मत (मोठ्यांना विचारून बघा, बरेच जण हेच सांगतील). पण आपल्या ग्लासात माती आहे कुठे? व्हॅन हेल्मॉन्ट नावाच्या एका माणसाने साधारण ९० किलो कोरडी माती मोजून कुंडीत घातली आणि त्यात विलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी दिलं. रोप दोन-सव्वादोन किलोचं होतं ते ७६ किलोच्या वर गेलं आणि माती कमी झाली जेमतेम ५७ ग्रॅम. त्याने ठरवलं की झाड पाण्याचंच बनतं. चुकला बिचारा, कारण त्यातला मोठा वाटा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा होता आणि हवा काही त्याने मोजली नव्हती. हे सगळं १६४८ मध्ये छापून आलं, तो गेल्यानंतर. भाचीला माती खात नाही हे पटलं, पण झाड हवेचं बनतं हे अजिबात पटलेलं नाही.

हवेवरून आठवलं, तो लाडका ग्लास. त्याला तहान लागेल म्हणून ती रोज काठोकाठ भरत होती, आणि एक दिवस नुसता वास. कुजला. ती रडली आणि खरं सांगायचं तर मलाही वाईट वाटलं, कारण पाणी लागतं हे मीच तर शिकवलेलं, किती ते कुठे सांगितलं होतं. कोंबाला, मुळांनापण श्वास लागतो आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने दहा हजार पट हळू सरकतो, म्हणजे जीव गुदमरून गेला. "मग कमळ कसं जगतं?" ही प्रश्न विचारायला एका मिनिटात तयार, डोळे अजून ओलेच. कमळाच्या देठात पोकळ नळ्या असतात, पानातून हवा खाली चिखलापर्यंत जाते.

राहिला कोरडा ग्लास. दाणे ठेवले तसेच्या तसे. तिने मेलं या रकान्यात लिहिलं आणि मी गंमत म्हणून त्यातल्या दोनांवर पाणी घातलं तर चौथ्या दिवशी कोंब! म्हणजे इतके दिवस काय होतं ते? इस्राएलमध्ये मसादाच्या किल्ल्यात १९६० च्या दशकात खोदताना खजुराच्या बिया सापडल्या होत्या, सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या, आणि त्यातली एक २००५ साली लावली तर उगवली. हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मग तेवढी वर्षं तिला हवा पाणी अन्न काहीच नाही लागलं?" जवळजवळ नाही, बी सगळं बंद करून पडून राहतं. "मग यादी चुकीची आहे."

चुकीची नाही गं, म्हणायला गेले आणि पुढे नीट सांगताच येईना. तिने तोवर वहीत तिसरा रकाना आखला, त्याला नाव काय द्यायचं विचारलं, मला सुचलं नाही, तिलाही नाही, तसाच कोरा गेला शाळेत. उरलेले दाणे तिने कंपासपेटीत ठेवलेत. शेजारी पाण्याची बाटली ठेवायची नाही असं मला बजावलंय.